घरची भाषा हेच पूर्वज्ञान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी विषय दिला तो असा : ‘भाषाशिक्षकाचे स्वतःचे तत्त्वज्ञान’. विषय ऐकून प्रथम छाती दडपली. तत्त्वज्ञान हे थोरांचे काम. मी निपाणीच्या परिसरात वीस वर्षे मराठी शिकविणारा साधा माणूस. पण विचार करता असे ध्यानात आले की, तत्त्वज्ञान प्रत्येक मास्तराजवळ असतेच. तो वहीत लाल रेघ कोठे मारतो आणि मूल चुकले म्हणजे तोंड कसे करतो, यावरून ते ओळखावे. माझे तत्त्वज्ञान एका चुकीतून जन्मास आले. चूक माझी होती, म्हणून ती सांगावयास मला संकोच नाही.

बी. एड.ला असताना आम्हांला हर्बार्टची पंचपदी शिकविली होती. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसविल्या. त्यांतील पहिली पायरी पूर्वतयारीची. म्हणजे मुलाला अगोदर जे ठाऊक आहे, तेथून पाठास आरंभ करावयाचा. पाठाचे टाचण काढताना ‘पूर्वज्ञान’ या मथळ्याखाली आम्ही दोन ओळी लिहीत असू, आणि मार्गदर्शक सही करीत. भूगोलाच्या पाठात हे पूर्वज्ञान सहज सापडे. भाषेच्या पाठात मुलाचे पूर्वज्ञान कोणते, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी आठवीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा निबंध घातला. एका मुलीने लिहिले होते की, आई विड्या वळते, आणि शाळेतून आल्यावर मी पाने कातरतो. पाने भिजवावयाची कशी, पत्र्याचा साचा ठेवून कातरावयाची कशी, हजार विड्या पुऱ्या होईतो आईची मान कशी अवघडते, हे सारे तिने दीड पानात लिहिले होते. मी त्यात चौदा चुका काढल्या. एवढ्यावर थांबलो नाही. ‘मी कातरतो’ हे वाक्य वर्गापुढे मोठ्याने वाचले आणि विचारले, “काय गं, तू मुलगा आहेस काय?” वर्ग खदखदून हसला.

आपण सारे जाणता की, आपल्या मुलखात बायका-मुली ‘मी येतो, मी जातो’ असेच म्हणतात. माझी आईदेखील असेच बोले. ही चूक नव्हे. ती येथली रीत आहे. पण पदवीच्या भरात मी ते विसरलो. त्या मुलीने पुन्हा कधी वर्गात तोंड उघडले नाही. वार्षिक परीक्षेत पुन्हा आईवरच निबंध आला. तिने मार्गदर्शकातला निबंध पाठ करून उतरवून काढला. त्यातली आई पहाटे उठून अंगणात सडा घालीत होती, तुळशीला पाणी घालीत होती. त्या मुलीच्या घराला अंगण नव्हते. निबंधात एकही चूक नव्हती, आणि तिची आईही नव्हती. मी त्याला चांगले गुण दिले. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

तेव्हा कळले की, भाषेच्या तासाला मुलाचे पूर्वज्ञान म्हणजे त्याची घरची भाषा. तीच आपण पहिल्या दिवशी दाराबाहेर ठेवावयास सांगितली, तर पहिली पायरीच निखळते. मग पुढल्या चारांवर मूल चढणार कसे?

आपल्या मुलखात तर ही घरची भाषा एक नाही. घरात दखनी, गल्लीत मराठी, बाजारात कानडी, मदरशात उर्दू-अरबी, आणि आता पहिलीपासून इंग्रजी. एवढ्या भाषा घेऊन येणाऱ्या मुलाला आपण ‘कच्चा’ म्हणतो! वास्तविक त्याच्याजवळ भांडवल अधिक आहे. मोजणाराचे माप तेवढे तोकडे आहे. शाळांसाठी २००५ साली निघालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातील अनेक भाषांना अडचण न म्हणता साधनसंपत्ती म्हटले आहे.

आता मी वर्गात काय करतो, ते थोडक्यात सांगतो. फळ्याचे दोन भाग करतो. एकावर ‘घरचे’, दुसऱ्यावर ‘पुस्तकातले’. मुलाने ‘मी शाळेला जातो’ म्हटले तर ते पुसत नाही. डावीकडे लिहितो, आणि उजवीकडे ‘मी शाळेत जातो’, मुलगी असेल तर ‘जाते’, असे लिहितो. दोहोंत फरक कोणता, तो मुलांनीच शोधावा. व्याकरण असे आपोआप वर येते. दुसरे, निबंध हाती आला म्हणजे प्रथम काय म्हटले आहे ते वाचतो व त्यावर एक वाक्य लिहितो. चुका नंतर, आणि एका वेळी तीनच. तिसरे, दर शनिवारी प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांकडून एक शब्द आणावयाचा.

या शब्दांनी मोठी मौज केली आहे. दप्तर, कागद, शाई, तारीख, हजेरी, शिपाई हे शाळेतले रोजचे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. तूप, अण्णा, अक्का ही कानडीची देणगी. पगार आणि चावी पोर्तुगिजांची. उलट आपल्या दखनीतला ‘नक्को’ आणि ठासून बोलतानाचा ‘च’ हे मराठीचे. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तो मी मुलांना दाखवितो. हे पाहिल्यावर कोणते मूल म्हणेल की मराठी परक्याची? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख मराठीतच गायले. इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होत्या. मराठी कवितेला त्यांनी दिलेले धन याच मातीतले.

काही पालक मला म्हणतात, “सर, घरची भाषा घरी आहेच; शाळेत शुद्ध शिकवा.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत प्रमाण भाषाच लागते, आणि गरिबाच्या मुलाला ती इतरांहून अधिक लागते. कारण त्याच्यामागे ओळख नाही, वशिला नाही. मी ती शिकवितोच, आणि परीक्षेचे पेपर नियमानेच तपासतो. माझे म्हणणे एवढेच की, पहिले घर पाडून दुसरे बांधू नये. लाजलेले मूल पाठ करते, पण शिकत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट बोलतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु त्याच १९५६ साली घटनेत ३५० अ हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. पुढे कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणे आवश्यक ठरले. माझ्या मते दोन्ही गोष्टी मुलाच्या हिताच्या करता येतील. मराठीचा हक्क सोडू नये, आणि कानडी रागाने शिकू नये. वाद वडिलांचा आणि भुर्दंड लेकरांना, असे होऊ देऊ नका. ज्या मुलाला आपली भाषा लाज न बाळगता बोलता येते, ते शेजाऱ्याची भाषाही भीती न बाळगता शिकते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

ट्रस्टने पन्नास वर्षे वह्या-पुस्तके दिली, फी भरली, शिष्यवृत्त्या दिल्या. आता माझी एक विनंती आहे. पहिल्या आलेल्यांची बक्षिसे चालू ठेवावीत. पण त्यांच्या जोडीने गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट करावे. त्यात मराठी, उर्दू, कानडी तिन्ही पुस्तके असावीत आणि कुलूप नसावे. घरातल्या माणसांना विनंती अशी की, रोज मुलाला एक गोष्ट आपल्या बोलीत सांगा. आणि ते चुकले तर हसू नका. त्याला पैसा लागत नाही.

ती मुलगी मध्यंतरी भेटली. आपल्या मुलीचे नाव दाखल करावयास शाळेत आली होती. मी तिची मनापासून क्षमा मागितली. ती म्हणाली, “जाऊ दे की सर, कवाची गोष्ट.” पण मला ठाऊक आहे, ती विसरली नव्हती. निघताना दारात थांबून म्हणाली, “सर, मी येतो.” मी म्हटले, “ये बेटा.” त्या ‘येतो’ला माझी लाल रेघ आता कधीच लागणार नाही.

ट्रस्टचे कार्य उत्तरोत्तर वाढो, हीच अल्लाहपाशी दुआ.

जय हिंद.