तार, केबल आणि त्यांची जुळणी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेत हौशी रेडिओ केंद्र, म्हणजे हॅम रेडिओ, उभारायचं ठरलं आहे. परवाना माझ्याकडे असल्याने दहा मिनिटं मला मिळाली आहेत.

मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं काहींनी विचारलं. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आठवा. वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि मुंबई-पुण्यात बसलेल्या आपल्याला घरची माणसं कुठे आहेत ते कळेना. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हॅमनी तिथून निरोप बाहेर पोहोचवले होते. लागतं काय? एक रेडिओ, एक बॅटरी आणि वर टांगलेली तार.

रेडिओ कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर आपल्या ग्रुपवर दोन आठवडे चर्चा झाली. तारेबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. म्हणून आज तारेबद्दलच बोलतो.

विज्ञानाच्या तासाचा दोरीचा प्रयोग आठवतो ना? दोरीचं टोक गजाला बांधून हिसडा दिला की लाट जाते, आपटते आणि उलटी होऊन परत येते. गजाऐवजी जाड नाडा जोडला तर लाटेचा काही भाग पुढे जातो, काही मागे फिरतो. दोन्ही दोर सारखे असतील तर सगळी लाट पुढे जाते. केबल आणि अँटेना यांचं तेच आहे. या 'जाडी'ला म्हणतात इम्पीडन्स, मराठीत संरोध.

केबलवर ५० ओहम लिहिलेलं असतं, ते मल्टिमीटरवर दिसत नाही. आतली तार किती जाड, बाहेरच्या जाळीचा व्यास किती, मधलं प्लॅस्टिक कोणतं, यावर ते ठरतं. केबल कापून अर्धी केली तरी ते ५०च राहतं. रेडिओही ५० ओहमसाठीच बनवलेला असतो. टीव्हीची केबल ७५ची. आणि मोकळ्या अवकाशात आडवी ताणलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, म्हणजे डायपोल, मध्यभागी सुमारे ७३ ओहम दाखवते.

जुळणी किती बिघडली ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळतं. ५० ला ७५ जोडले तर तो दीड. परत फिरते फक्त ४ टक्के शक्ती, म्हणजे काळजीचं कारण नाही. दोन झाला तर ११ टक्के, तीन झाला तर २५ टक्के. परत फिरलेली सगळीच शक्ती वाया जाते असं नाही, पण प्रत्येक फेरीत केबल त्यातला वाटा उष्णतेत घालवते आणि आजचे रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतात. रेडिओजवळ ट्यूनर लावला की रेडिओचं समाधान होतं. ट्यूनरच्या पुढे केबलमध्ये लाटांच्या येरझाऱ्या चालूच राहतात. म्हणून जुळणी शक्यतो वर, केबल तारेला मिळते तिथेच करावी.

आणखी एक सावधगिरी. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना नव्हे. केबलमध्ये पाणी शिरून निम्मी शक्ती वाटेतच जिरत असेल, तर वरची तार तुटून पडली तरी खाली मीटर तीनच दाखवतो. परतणारी लाटही वाटेत निम्मी होते ना! म्हणून केबलची काटकसर नको.

आता आपल्या गच्चीचं बघू. पुण्या-मुंबईशी दिवसा बोलायला ७ मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. १४३ ला ७.१ ने भागा: सुमारे २० मीटर तार, प्रत्येक बाजूला १०. मधोमध दहा मीटरचा एकच खांब आणि दोन्ही टोकं खाली उतरती, घराच्या पाख्यांसारखी. असं केलं की संरोध खाली उतरून ५० च्या आसपास येतो. जुळणी आपोआप होते, दुसरा-तिसरा खांबही वाचतो. शिवाय इतक्या कमी उंचीची तार लाटा वरच्या दिशेला फेकते आणि त्या आयनमंडलावरून परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरतात. पुरात आपल्याला नेमकं हेच हवं.

तार आधी थोडी लांबच ठेवायची. मीटरचा नीचांक ठरलेल्या कंपनसंख्येच्या खाली आला, तर दोन्ही बाजूंनी सारखी कापत जायचं. कापलेली तार वाढत नाही. जोडावर फेराइटच्या कड्यातून केबलचे वेढे घ्यायचे, म्हणजे जाळीच्या बाहेरून प्रवाह खाली येत नाही. जोड रबरी टेपने बंद करायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात केबल पाणी पिते. आणि वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून ठेवायची, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचा.

परीक्षा देऊन परवाना मिळवायला वयाची १२ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे आठवी-नववीची मुलं केंद्र चालवू शकतील. माझं मागणं एवढंच: रेडिओ एक पायरी कमी किमतीचा घेऊ आणि वाचलेले पैसे चांगली केबल, खांब आणि अर्थिंग यांवर लावू. मे महिन्यात खांब उभा करायला चार माणसं हवीत. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांनी जेवणानंतर मला नावं द्यावीत.