बर्फातल्या वाटा राखणारी माणसं

मिनेसोटाच्या कानाकोपऱ्यातून आणि विस्कॉन्सिन, आयोवा, डकोटाहून एवढ्या थंडीत गाड्या चालवत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या स्नोमोबाइल क्लबच्या मंडळींनो, स्वागत समितीच्या वतीनं ग्रँड रॅपिड्समध्ये आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी सांगावी असा आपल्याकडचा रिवाज आहे. हे गाव मिसिसिपीच्या काठावरचं, कागद गिरणीचं. अभिनेत्री-गायिका ज्युडी गार्लंडचा जन्म इथला. ईशान्येला मेसाबी रेंजच्या लोखंडाच्या खाणी आहेत, पश्चिमेला चिप्पेवा नॅशनल फॉरेस्ट. इतकं सांगून मी थेट बर्फाकडे वळतो, कारण मला या गावाचा अभिमान वाटतो तो बर्फात राबणाऱ्या माणसांमुळे.

आपल्यापैकी बरेच जण हिवाळ्यात इकडे येतात, बर्फावर चालणारी स्नोमोबाइल भाड्यानं घेतात, दोन दिवस जंगलात मनमुराद हिंडतात आणि परत जातात. पायाखालची वाट सरकारनं केली असेल, असं आपण धरूनच चालतो. इथून ईलीला जाणारी 165 मैलांची टॅकोनाइट ट्रेल खरंच राज्य सरकारची आहे. पण मिनेसोटात स्नोमोबाइलच्या वाटा 22,000 मैलांहून अधिक आहेत आणि त्यातल्या जवळजवळ 21,000 मैल स्थानिक क्लब सांभाळतात. क्लब म्हणजे कोण? शाळेची बस चालवणारे, गॅरेजमध्ये काम करणारे, खाणीतून निवृत्त झालेले, दवाखान्यातल्या नर्सबाई. पगार कुणालाच नाही. सरकारी अनुदान मिळतं, पण त्यासाठी काउंटी किंवा गावानं क्लबच्या मागे उभं राहावं लागतं. शिवाय ते पैसे येतात स्नोमोबाइलवाल्यांच्याच नोंदणी शुल्कातून आणि ते भरत असलेल्या पेट्रोलवरच्या करातून.

वाटा 1 डिसेंबरला खुल्या होतात, पण काम सुरू होतं पानगळीत. आडवी पडलेली झाडं कापायची, वाटेत घुसलेल्या फांद्या छाटायच्या, ओढ्यांवरच्या लाकडी पुलांच्या फळ्या बदलायच्या. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम लागतो, तेव्हा जंगलात जायचं तर भडक केशरी कपडे घालूनच. शेतातून जाणाऱ्या वाटेच्या खुणा पीक निघाल्याशिवाय रोवता येत नाहीत आणि वसंतात नांगर फिरायच्या आत प्रत्येक खुंटी उपटून न्यावी लागते. एक जरी खुंटी राहिली आणि शेतकऱ्याच्या यंत्रात अडकली, तर पुढच्या वर्षी त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं?

आता ग्रूमरबद्दल, म्हणजे वाट सपाट करणाऱ्या यंत्राबद्दल सांगतो. दिवसभर स्नोमोबाइलचे पट्टे बर्फ ओरबाडत जातात आणि वाटेवर गुडघाभर उंचवटे तयार होतात. रात्री वर्दळ थांबली आणि थंडी वाढली की ट्रॅक्टरमागे लांबलचक ड्रॅग जोडून आमची माणसं निघतात. ड्रॅगची पाती उंचवटे तासतात, बर्फ घुसळतात आणि मागचा जड पत्रा तो दाबत जातो. त्यानंतर काही तास वाटेवर कुणी फिरकलं नाही, तरच तो गोठून घट्ट बसतो. मी केबिनमध्ये बसून गेलो आहे. वेग माणसाच्या धावण्याइतका. समोर झाड आडवं आलं तर उतरून करवत चालवायची, कारण एवढं धूड अरुंद वाटेवर मागे घेता येत नाही. पहाटे घरी येऊन तोच माणूस आंघोळ करून नोकरीवर जातो. उद्या सकाळी आपण ज्या गुळगुळीत वाटेवरून जाणार आहोत, ती अशीच कुणीतरी आज रात्री जागून केलेली असेल.

सगळ्यात नाजूक गोष्ट मात्र परवानगीची. या वाटांचा मोठा भाग खासगी जमिनीतून जातो. मालक त्याबद्दल एक पैसाही घेत नाही. फुकट वाट देणाऱ्याला अपघाताच्या दाव्यांपासून कायद्यानं बरंच संरक्षण दिलं आहे, पण त्याला आपली जमीन द्यावीशी वाटली पाहिजे, हे कुठलाही कायदा करू शकत नाही. कुणीतरी मजेखातर वाट सोडून मोकळ्या रानात घुसतो. बर्फाखाली पाइनची हातभर रोपं असतात, त्यांचे शेंडे पट्ट्याखाली तुटतात आणि झाड जन्मभर वाकडं वाढतं. मालक वसंतात ते बघतो आणि फाटक बंद करतो. वाट तिथं तुटली की वळसा शोधायला क्लबला दहा दारं ठोठावावी लागतात. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, वाट सोडू नका.

सार्वजनिक जमिनीवरही वाटेची परवानगी अशीच नाजूक असते. बाउंडरी वॉटर्सच्या अरण्यातल्या बहुतेक वाटा 1978च्या कायद्यानं स्नोमोबाइलला बंद झाल्या, आणि इथल्या जुन्या लोकांना ते अजून सलतं. 1975 साली स्थापन झालेल्या व्हॉयाजर्स नॅशनल पार्कमध्ये मात्र गोठलेल्या तलावांवर आजही स्नोमोबाइल चालतात. इंजिनाचा आवाज पोहोचणार नाही असं अरण्य असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण त्याची हद्द ठरवताना इथं राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हेही तितक्याच ठामपणे वाटतं. 2015 पासून राष्ट्रीय वनांमध्ये स्नोमोबाइल कुठं चालणार हे नकाशावर ठरवावं, असा नियम आहे. अशा सुनावण्यांत बोलायला जातात ते क्लबचेच लोक, पदरची रजा टाकून.

परवानगीबरोबरच बर्फाचीही साथ लागते. 2023-24चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार होता. कित्येक वाटांवर ग्रूमर एकदाही फिरला नाही. बर्फ नसला तरी खर्च थांबत नाही, आणि अशा वेळी क्लब तगतो तो सभासदांच्या वर्गणीवर.

तुमच्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईत असताना शनिवार-रविवार गडांवर जाऊन पाण्याची टाकी उपसत होते, हे मला ठाऊक आहे. तोच हात इथं हवा आहे. पाहुणे म्हणून आलात, आनंद आहे. सभासद होऊन गेलात तर आणखी आनंद होईल.

उद्याच्या फेरीसाठी सकाळी आठला पार्किंगमध्ये जमायचं. 1976 नंतर जन्मलेल्या मिनेसोटावासीयांनी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं. तलावावर उतरण्याआधी क्लबची माणसं बर्फाची जाडी मोजतील आणि त्यांनी नाही म्हटलं तर कुणीही पुढे जाणार नाही. सभासदत्वाचे अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहेत. शेजारच्या वहीत पुढच्या पानगळीतल्या पूल दुरुस्तीसाठी नावं लिहायची. करवती आणि जेवण क्लबकडून, हातमोजे आपले. आता मी संमेलनाध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी माइक हाती घ्यावा.