खेळ कोणाच्या मालकीचा?



मालकी आणि परवाना यांतील फरक यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराला समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी कापूस जिनातून निघाला की त्यातली सरकी पुढच्या पेरणीसाठी राखली जाई. शेजारच्या वावरात पऱ्हाटी जोमदार दिसली तर तिची सरकी मागून आणली जाई. २००२ साली बीटी कपाशीला देशात मान्यता मिळाली आणि पाहता पाहता ४५० ग्रॅमचे पाकीट ही दर मृगाची ठरलेली उधारी होऊन बसली. शेतकऱ्याने बियाणे राखावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, हा त्याचा हक्क २००१च्या कायद्याने मान्य केलेला आहे. परंतु संकरित वाणाची सरकी दुसऱ्या वर्षी तसेच पीक देत नाही. परिणामी हक्क कागदावर शाबूत आणि वावरात निरुपयोगी, अशी गत झाली. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि फवारण्या वाढल्या. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला.

बियाण्याच्या प्रश्नावरून एकदम व्हिडिओ गेमकडे वळणे काहींना थिल्लरपणाचे वाटेल. परंतु ज्या घरात पाकिटाची उधारी आहे, त्याच घरातील मुलाच्या हाती आज मोबाइल आहे आणि त्यातील खेळ नेमका याच तत्त्वावर चालतो. खेळ आत घेताना पैसे पडत नाहीत. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन निराळे शब्द आहेत, हे बरेच आहे. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावे लागते आणि व्यापाऱ्याचे त्यात फावते. फुकट मिळालेल्या या खेळात पुढे नाणी, हिरे, पोशाख आणि शस्त्रे विकत घ्यावी लागतात. कित्येक खेळांत तर आत काय निघेल हे न सांगताच बंद पेटी विकली जाते. अशा पेट्या म्हणजे जुगारच, असा निर्णय बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली दिला. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीने मुलांची खासगी माहिती गोळा केल्याच्या आणि फसव्या रचनेने खेळाडूंना नको त्या खरेदीत ओढल्याच्या आरोपांवर २०२२च्या अखेरीस अमेरिकी सरकारी आयोगाशी तडजोड केली आणि ५२ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले. एवढी रक्कम देऊनही धंदा सुखेनैव चालू राहतो, यावरून त्यातील नफ्याचा अदमास यावा.

पैसे रोख मोजले तरी खेळ आपला होतोच असे नाही. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली बाजारात आला. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्या हाती काहीही उरले नाही. युरोपात त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली व दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा केला, तो इतकाच की ग्राहकाला वस्तू नव्हे, परवाना मिळतो हे दुकानदाराने स्पष्ट सांगावे. वाण जायचे ते गेलेच. पाकिटावरची अक्षरे तेवढी मोठी झाली.

भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैशांची बाजी लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधी महिनाभर विधान परिषदेत राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला होता. त्यांनी तो नाकारला. मग कृषिखाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडाखाते आले. कास्तकाराने यावर हसावे की रडावे? या कायद्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि बाजी न लावता मुलांच्या खिशाला हात घालणारा जो धंदा वर सांगितला, त्याची रचना या बंदीने बदलत नाही. मालकीचा प्रश्न तर तिला शिवतही नाही.

वस्तुतः खेळ ही मुळात समाजाची सामायिक मिळकत. वाघबकरीचा पट देवळाच्या फरशीवर कोरलेला असे. सारीपाट कापडावर शिवला जाई. गावागणिक नियम बदलत आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. त्याच पचिशीचे सोपे रूप करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘लुडो’चे पेटंट घेण्यात आले आणि आज तोच लुडो जाहिरातींसह मोबाइलवर परत आला आहे.

या सामायिक मिळकतीचा आधुनिक अवतार म्हणजे मुक्त खेळ. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध केला. प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रणाली वाटताना हेच हक्क पुढच्याला दिले पाहिजेत, ही त्याची अट. विनोबांच्या ग्रामदानात जमीन कसणाऱ्याकडेच राहते, पण गावाबाहेर विकता येत नाही. गडचिरोलीतील मेंढा गावाने २०१३ साली हा मार्ग पत्करला. अटीमागचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

‘फ्रीसिव्ह’ हा खेळ १९९५ साली डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला, तो आजही खेळला जातो. ‘झिरो ए. डी.’मध्ये प्राचीन साम्राज्ये उभारता येतात आणि त्यांत मौर्यही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली अडीच अब्ज डॉलरना घेतलेल्या ‘माइनक्राफ्ट’सारखाच ठोकळ्यांचे जग रचण्याचा ‘लुआंटी’ जुन्या संगणकावर, इंटरनेटशिवायही चालतो. ‘जीकॉम्प्री’मध्ये लहान मुलांसाठी अक्षरे, अंक आणि विज्ञान यांचे शंभराहून अधिक खेळ आहेत.

येथे भाबडेपणा नको. मुक्त खेळांपैकी पुष्कळ अर्धवट राहतात, चित्रे बेताची असतात आणि मुलांना कंपन्यांची झळाळी हवीशी वाटते, हे खरेच आहे. त्याहून गंभीर आक्षेप श्रमाचा आहे. हे खेळ बव्हंशी स्वयंसेवकांच्या फावल्या वेळातून घडतात. ज्याला फावला वेळच नाही त्या मजुराच्या मुलाने त्यांत भर कशी घालावी? श्रमाला मोल असले पाहिजे असे म्हणणाऱ्यांनी या बिनमोल श्रमावर संतुष्ट राहणे शोभत नाही. सार्वजनिक पैसा येथे यावयास हवा. केरळच्या सरकारी शाळांनी गेल्या सुमारे दोन दशकांत मुक्त प्रणाली स्वीकारली ती शासनाच्या निर्णयाने आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाने, कोणाच्या दानधर्माने नव्हे.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत कोलाम मुले घरी कोलामी बोलतात आणि शाळेत मराठीशी झटतात. कोलामीत खेळ काढावा इतकी मोठी बाजारपेठ कोणत्याही कंपनीला तेथे दिसणार नाही. ‘जीकॉम्प्री’त कोलामी शब्द आणि कोलाम आजीचा आवाज घालण्यास मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही. त्यासाठी लागतो एक चालू संगणक, भाषा जाणणारी दोन माणसे आणि त्यांच्या दिवसांची मजुरी. ही मजुरी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरावयाची, हा प्रश्न आता सदस्यांना विचारला गेला पाहिजे.