आईच्या लुगड्याचा लाल रंग

गेल्या उन्हाळ्यात बरकतपुऱ्यातील आमच्या घरी मी आईचे एक छायाचित्र कागदावर उतरविण्याचा खटाटोप आरंभिला. तिच्या निधनास वर्ष होत आले होते. वार्षिक मिस्सेच्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत लावावयाचे होते. आई वसईकडची. शेतावर राबून रापलेला सावळा चेहरा, आणि अंगावर तिकडच्या कुपारी बायका नेसतात ते लाल लुगडे. पुतण्याने मोबाइलवर टिपलेले हे रूप संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब दिसे. कागदावर मात्र लुगडे विटकरी आले आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा.

पडदा प्रकाशाने रंगतो. लाल, हिरवा व निळा प्रकाश मिळून तेथे पांढरा होतो. कागदावरचा व्यवहार उलटा. शाई प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरेल तो रंग डोळ्यांस दिसतो. साध्या प्रिंटरात लाल शाई नसतेच; मॅजेंटा व पिवळी मिळून तो रंग साधावा लागतो. मॅजेंटा कमी पडली की पिवळी डोके वर काढते. माझ्याकडे तेच झाले होते. एप्रिलच्या कोरड्या उष्म्यात प्रिंटर महिनाभर बंद राहिला आणि शाईची सूक्ष्म छिद्रे वाळली. तपासणीचे पान छापले तेव्हा मॅजेंटाच्या रेषा तुटक आल्या. दोनदा सफाई केली, रात्रभर थांबलो, सकाळी पुन्हा एकदा केली. रेषा सलग झाल्या. ही सफाई फार शाई पिते. त्यापेक्षा आठवड्यास एक रंगीत पान छापणे स्वस्त.

पुढचे चित्र काळवंडलेले व तांबूस निघाले. पडद्याचा उजेड मी पुरता चढवून ठेवला होता, म्हणून अंधारे चित्रही तेथे उजळ भासे. शिवाय चित्राचा प्रोग्राम आणि प्रिंटर, दोघेही रंग सुधारीत होते. दोघींनी एकाच आमटीत मीठ घालावे तसे. त्यांपैकी एकास गप्प बसविले. कागद चकचकीत असून यंत्रास मी तो साधा सांगितला होता, तीही चूक दुरुस्त केली.

इतक्यावर थांबावयास हवे होते. पण मी 'आपोआप सुधारणा' हे बटण दाबले. चित्र लख्ख उजळले. धाकट्या बहिणीने ते हाती घेऊन म्हटले, "दादा, ही कोणाची गोरी आई आणलीस?"

मी वरमलो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनीची कार्डे छपाईच्या प्रयोगशाळांत असत. त्यांवरील गोऱ्या स्त्रीची कांती ठीक उतरली की यंत्र बरोबर ठरे; या कार्डांना 'शर्ली' म्हणत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड त्या कंपनीने काढले ते १९९०च्या दशकात. सहाव्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ याच हैदराबादेत काम करीत. त्यांची चित्रे एकरंगी, तेव्हा हा वाद त्यांच्यापुढे नव्हता. आमच्यापुढे होता.

बहिणीने पेटीतून आईचे लुगडेच काढले. मग मी चेहरा आणि पदर एवढाच भाग कागदाच्या चतकोर तुकड्यावर छापू लागलो. दर खेपेस एकच बदल करावयाचा, आणि तो पेन्सिलीने मागे लिहावयाचा. शाई वाळू द्यावयाची. रात्री ट्यूबलाइटखाली जो तुकडा लुगड्याशी जुळला तो सकाळी खिडकीशी पाहता हिरवट निघाला. तेव्हापासून परीक्षा दिवसाउजेडीच घेतली. लुगड्याचा भडक लाल पुरता साधला नाही. शाईच्या आवाक्यात तो नाही. मॅजेंटा आणखी वाढवावी तर चेहरा तांबूस होई. बहीण म्हणाली, "लुगडं राहू दे, चेहरा सांभाळ."

सातव्या तुकड्यावर आई आली. डोळ्यांखालचा काळोखा भागसुद्धा. त्या तुकड्यामागचे आकडे आता तसबिरीच्या पाठीवर लिहिले आहेत. बहिणीला तिच्या घरासाठी दुसरी प्रत हवी आहे.