खोली कुठं घ्यायची?

(कागलच्या वस्तीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कविता वाचणार नाही. पोरांनी निरोप धाडला तो असा : दिवाळी झाली की वस्तीतली आठ घरं बिऱ्हाडासकट मुंबईकडं निघाल्यात, तू तिकडं बंदरावर पाच वर्षं काढलीस, तर येऊन सांग, खोली कुठं घ्यायची. भाषण कर म्हणाला असता तर टाळलं असतं. हे टाळता येईना. एकटा गडी कुठंही झोपतो. मी पहिले तीन महिने गोदामाच्या मागं बारा जणांत एका खोलीत काढले. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला, अंथरूण कधी गार झालंच नाही. पण बायको आली, पोर आलं, म्हातारी आली, की खोलीबरोबर नळ आला, संडास आला, शाळा आली, शेजार आला. आणि शेजार आला की त्याच्या मागनं जात आली.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढा. इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, 'मुंबैला जातोस न्हवं, मग परळ-वरळीला जा, आपला माणूस हाय.' होता. बीडीडी चाळी १९२० नंतर सरकारनं बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका खोलीत चार बिऱ्हाडांची पोरं वाढली. १९७४ साली जानेवारीत वरळीला दंगल पेटली, भागवत जाधव गेला, तेव्हा त्याच चाळींनी पँथरला उभं केलं. हे विसरायचं नाही. पण आता त्या चाळी पाडून टॉवर उठतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ बिऱ्हाडांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना जयभीम आणि अभिनंदन. पण गावाकडनं नव्यानं आलेल्या मजुराला तिथं दारात बूट काढायलाही जागा उरलेली नाही. गिरणी गेली, गोदीचं कामही खाडीपलीकडं सरकलं. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं आणि डबे तिकडं गेले. आपली भाकर आता उरण-पनवेलच्या अंगाला आहे, म्हणून खोलीही तिकडंच बघायची.

डबा म्हणजे कंटेनर. आम्ही टोळीतली माणसं डबाच म्हणतो. वीस फुटी डबा आठ फूट रुंद असतो. म्हणजे तळ १६० चौरस फूट. बीडीडीची खोलीही १६० चौरस फूट. एकदा जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या डब्यात बसून मी हा हिशेब केला आणि भाकरी खाली उतरेना. मालाला आणि माणसाला एकच माप. फरक एवढाच की डब्याच्या दारावर सील असतं, आत कोण शिरलं याची साहेबाला फिकीर असते.

तर तिकडं खोल्या कुठल्या? एक, सिडकोच्या नोडमधल्या सोसायट्या. उलवे, द्रोणागिरी, करंजाडे, कामोठे, कळंबोली. रंगीत बिल्डिंग, लिफ्ट, खाली वॉचमन. तुमच्यातल्या ज्यांचे दोन पगार येणार आहेत त्यांच्या डोळ्यात हेच बसलंय, मला माहीत आहे. माझ्याही बसलं होतं. दलालानं फोनवर 'दादा, दादा' केलं. खोली दाखवली. माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातला नळ सोडला, पाणी आलं, परत बंद केला, परत सोडला. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग सोसायटीचा एक गृहस्थ वर आला.

'पूर्ण नाव?'

सांगितलं. कांबळे म्हणालो.

'कोल्हापूरकडचे का?'

'कागलचा.'

'बरं बरं. नॉनव्हेज खाता का?'

'खातो.'

'कळवतो.'

कळवलं दलालानं. मालकाचा विचार बदलला म्हणे, गावाकडनं पुतण्या येतोय. आठ दिवसांनी त्याच खोलीत आमच्याच टोळीतला एक गडी गेला. तोही आपल्याच तालुक्याचा, आडनाव पाटील. दर रविवारी अर्धा किलो मटण आणतो, मला त्याचा ताटातला वाटाही येतो, माणूस लाख मोलाचा. त्याला नॉनव्हेजचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बायको रात्री एवढंच म्हणाली, 'नळ बाकी चांगला हुता.'

आपण कागलचे. शाहू महाराज याच गावच्या घाटग्यांच्या घरात जन्मले. १९२० ची माणगाव परिषद कागल जहागिरीतल्या गावात भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, महाराज स्वतः आले. हे आपण छाती फुगवून सांगतो. दलालाला सांगून बघा एकदा.

आता पोरं म्हणतील, हे तुझ्या एकट्याच्या नशिबाचं. मी दहावी पास माणूस, माझ्यावर विश्वास ठेवू नका. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी २०१२ साली दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत भाड्याची घरं मागून बघितली. २०१५ ला ते छापून आलं. घर तेच, फोनवरचं आडनाव वेगळं. सवर्ण नावाच्या एकालाही फोनवर नकार नाही. दलित नावाच्या शंभरातल्या चाळीसेक जणांना एकतर नकार, नाहीतर वाढीव अटी. मुसलमानांची गत याहून वाईट. म्हणजे तुमच्या तोंडाकडं, कपड्याकडं, मराठीच्या हेलाकडं बघायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

आणि बाबासाहेबांचं काय झालं? कोलंबियात शिकून आलेला माणूस १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेला. आख्ख्या शहरात राहायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिन्यावर. एका हिंदू मित्राकडं गेले, त्यानं नोकरचाकर निघून जातील म्हणून सांगितलं. ख्रिस्ती मित्राकडं गेले, त्यानंही टाळलं. बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. आपल्या परळच्या चाळीत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना अकरा दिवस मिळाले, आपल्याला अकरा महिन्यांचा करार मिळतो, एवढी शंभर वर्षांत प्रगती.

कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण तिथं हातात काहीतरी धरून बोलावं लागतं. घटनेच्या १५व्या कलमात दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर, तळं, रस्ता आहे. भाड्याची खोली नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात २३वं कलम आहे, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. ते फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या कामाचं. भाडेकरूला तोंडी 'कळवतो' म्हणून घालवलं तर कागद कुठला दाखवणार? म्हणून ज्याला शक्य आहे त्यानं म्हाडाच्या सोडतीचा फॉर्म भरत राहावा. अनुसूचित जातींना ११ टक्के घरं राखीव असतात आणि तिथं चिठ्ठी काढणारं यंत्र नॉनव्हेज विचारत नाही. दोनदा नाही लागलं म्हणून फॉर्म भरायचं सोडू नका.

काही पोरं तिकडं आडनाव बदलून राहतात. मी त्यांना शिव्या देत नाही. बाबासाहेबांवरही ती पाळी आणली होती या देशानं. पण तुमच्या आठ घरांत पोरं आहेत म्हणून सांगतो. शाळेत कांबळे आणि जिन्यात दुसरंच काहीतरी, हे सहा वर्षांच्या पोराला सांभाळता येत नाही. चौदा एप्रिलला ते खिडकीत बसून खालची मिरवणूक बघणार, आई म्हणणार, 'हात हलवू नको.' अशी खोली मला फुकट दिली तरी नको. नाव पहिल्या फोनलाच सांगा. नकार मिळाला तर निदान रिक्षाचं भाडं तरी वाचतं.

मग आपली वस्ती? घाटकोपरचं रमाबाई नगर, मानखुर्द, गोवंडी. तिथं दार उघडं आहे. निळा झेंडा आहे, विहार आहे, मयताला खांदा आहे. ११ जुलै १९९७ ला त्याच रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी दहा माणसं मारली. त्या वस्तीला मी खाली मान घालून जयभीम करतो. तरी बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्याला हिशेब सांगायला पाहिजे. झोपडी पुनर्वसनात फुकट घराला १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा लागतो, पैसे भरून घराला १ जानेवारी २०११ च्या आधीचा. तुम्ही आज जाऊन भाड्यानं राहिलात तर पुनर्वसन होईल तेव्हा घर मालकाला, तुम्हाला बोचकं. आणि तिथनं न्हावा-शेवा गाठायचं म्हणजे रोजचे चार तास. ज्याचं काम मुंबईत आहे त्यानं जरूर जावं. बंदरावरच्यानं नको.

आता मी कुठं राहतो ते सांगतो. उरण-पनवेलकडच्या गावठाणात, आगरी मालकाच्या चाळीत. पत्रा, दहा बाय बारा, बाहेर मोरी. मालकानं नाव विचारलं, सांगितलं. तो म्हणाला, 'भाडं पाच तारखेला.' संपलं. या लोकांची मिठागरं आणि भातशेती नव्या मुंबईला आणि बंदराला गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईकडं जमिनीच्या भावासाठी उठले तर गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातनं साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली, आणि आज ज्या सोसायटीत मला खोली नाकारली तसल्या कैक बिल्डिंगा त्या साडेबारा टक्क्यांच्याच प्लॉटवर उभ्या आहेत. मालक आपल्याला हे बोट दाखवून सांगतो. त्यालाही त्या बिल्डिंगचा वॉचमन हटकतो. फसू नका मात्र, त्या गावांतही बौद्धवाडा वेगळाच आहे, देवळाच्या अंगाला नाही. पण भाडेकरू म्हणून सातारा, बीड, बिहार सगळे एका नळावर भांडतात, आणि भांडण पाण्याचं असतं.

गावठाणातली प्रत्येक खोली चांगली असं नाही. बाप्यांनी एकट्यानं जाऊन खोली ठरवू नये. बाई बरोबर पाहिजे आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर बघितली पाहिजे. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. तुमची बाई कामाला लागणार, घरकामाला म्हणा, गोदामात माल निवडायला म्हणा. ती रात्री नऊला स्टेशनवर उतरून चालत येईल का? दिवे आहेत का? संडास किती लांब? आणि पोराची शाळा ट्रेलरच्या रस्त्याच्या पलीकडं असेल तर ती खोली सोडून द्या. चाळीस फुटी डबा वळताना ड्रायव्हरला बाजूला पोरगं दिसत नाही. मी त्या गाड्या भरतो, मला माहीत आहे. भाडं पाचशे जास्त पडू दे, शाळा रस्त्याच्या ह्या बाजूला पाहिजे.

दोन घरं मुंबईऐवजी सुरतेकडं आणि बेंगळुरूकडं निघाल्यात असं आताच कानावर आलं. त्यांनी थांबून ऐकावं. राज्याची हद्द ओलांडली की जात बरोबर येते, सवलत मागं राहते. सुप्रीम कोर्टानं १९९० पासून हेच सांगितलंय, २०१८ ला पुन्हा सांगितलं : एका राज्याचा अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आणि शिक्षणात तो हक्क मागू शकत नाही. आपल्याला हे नवं नाही. निपाणी-चिकोडीच्या लेकी इथं नांदायला आल्यात. दूधगंगेच्या पलीकडं थोडं गेलं की कर्नाटक, बोली तीच, नाती तीच. पण तिचा दाखला बापाच्या गावचा, इकडं चालत नाही. पोरांना बापाचा दाखला लागतो, म्हणून बापानं तो आधी काढून ठेवायचा.

आणि तो इथंच काढायचा. १० ऑगस्ट १९५० ला तुमचा आजा-पणजा जिथं राहत होता तिथल्या प्रांत ऑफिसातनंच जातीचा दाखला निघतो. पनवेलला वीस वर्षं राहिला तरी पोराच्या दाखल्याला कागललाच यावं लागणार, एका खेपेला दोन दिवसांचा खाडा. तेव्हा निघायच्या आधी आज्याच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना उतारा, सगळं काढा. ज्यांची पोरं बारावीत जाणार त्यांनी पडताळणीचा अर्जही शाळेतनं घालावा. उद्या ॲडमिशनच्या वेळी तुम्ही डब्यात आणि कागद कोल्हापुरात असं नको.

जमीन विकून डिपॉझिट भरायचा विचार दोन घरांत चाललाय. आपल्या संस्थानात महार वतन १९१८ साली मोडलं आणि त्या जमिनी रयतावा झाल्या. गावकामाच्या बेगारीतनं सुटून ज्या वितीभर रानावर आपल्या पणज्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी नांगर धरला ते रान अकरा महिन्यांच्या करारासाठी देऊ नका. गिऱ्हाईक तयार आहे, एमआयडीसीच्या अंगाला तर रोज येतं, मला दिसतं. खंडानं द्या, लिहून घ्या. बंदरावरचं कंत्राट कधी तुटेल सांगता येत नाही, आणि तुटलं तर म्हातारीला घेऊन यायला जागा पाहिजे.

सगळ्यांनी एकदम येऊ नका. आधी प्रत्येक घरातनं एक गडी आणि शक्य असेल तर एक बाई या, पंधरा दिवस माझ्याकडं आणि शेजारच्या दोन खोल्यांत वाटून राहा, खोल्या बघा. रेशनकार्ड तिकडं चालतं, आधारचा अंगठा लागतो, म्हणून म्हाताऱ्यांचे अंगठे इथंच तपासून घ्या, झिजलेले असतात. रात्रीची एसटी धरलीत तर पहाटे कळंबोलीच्या फाट्यावर उतरवते. मी तिथं असतो, रातपाळी असली तर माझी बायको असेल. भांडी कमी आणा. पाण्याचं पिंप मात्र आणा, नळ दिवसाआड येतो.