देवी टेकडीवर, मत पुरुषांचं

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘आपण तर स्त्रीला देवी मानतो, मग तुम्हाला आणखी हक्क कशाला हवेत?’ हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकीने कधी घरात, कधी गावच्या बैठकीत ऐकलेला आहे. आज त्याचं उत्तर मी जरा लांबून आणणार आहे. ग्रीसमधल्या अथेन्स शहरात जाण्याचा योग आला, तेव्हा तिथल्या अथीना देवीचं पडकं देऊळ पाहिलं. ते पाहताना हाच प्रश्न डोक्यात घोळत होता.

शहराचं आणि देवीचं नाव एकच. शहराच्या मधोमध अॅक्रॉपॉलिस नावाची खडकाळ टेकडी आहे. पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या संगमरवरावरून जपत वर चढावं लागतं. वर पार्थेनॉन हे देऊळ, इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलेलं. १६८७ साली आत साठवलेल्या दारूवर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि देऊळ फुटलं. आज उरलेत खांब. आत एके काळी सुमारे १२ मीटर उंचीची, सोन्या-हस्तिदंताची अथीना उभी होती. तिच्या अंगावरचं सोनं काढता येईल असं बसवलं होतं. युद्धाच्या तोंडावर पेरिक्लीसने शहराच्या ऐपतीचा हिशेब मांडला, त्यात हे सोनंही धरलं. देवीच्या अंगावरचं सोनं, पण ते कधी उतरवायचं हे ठरवणार पुरुष!

वरून पश्चिमेला पाहिलं की समोरच एक बुटकी टेकडी दिसते, प्निक्स. लोकशाहीचं मूळ म्हणून आपण शाळेत जिचं नाव शिकलो ती अथेन्सची सभा तिथे भरायची. युद्ध, कर, कायदे तिथे हात वर करून ठरत. त्यात बाईचा हात एकही नव्हता, गुलामांचाही नव्हता. बाई जन्मभर कुणा ना कुणा पुरुषाच्या पालकत्वाखाली. साधारण ५० लिटर जवाच्या किमतीपलीकडचा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. भाऊ नसलेल्या मुलीचा बाप वारला, तर बापाच्या जवळच्या नातेवाइकाला तिच्याशी लग्न करण्याचा हक्क मिळे, कारण मालमत्ता घराण्याबाहेर जायला नको. इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने नागरिक होण्यासाठी आईही अथेन्सचीच असणं सक्तीचं झालं. म्हणजे मुलाच्या नागरिकत्वासाठी आई मोजली जाई, तिला स्वतःला मत मात्र नाही.

मग या टेकडीवर बायका होत्या कुठे? होत्या ना, कामाला होत्या! देवीचं नवं वस्त्र शहरातल्या मुली आणि बायका नऊ महिने खपून विणायच्या. देवीची मुख्य पुजारीणही बाईच, तिला मोठा मान. आणि शेजारच्या एरेक्थिऑन देवळाच्या सज्ज्यात छत डोक्यावर पेलून उभ्या असलेल्या सहा दगडी बायका. सगळे प्रवासी त्यांचे फोटो काढतात. तिथे आता नकला आहेत. मूळ पाच मूर्ती पायथ्याच्या संग्रहालयात आहेत, सहावी लंडनला नेलेली. संग्रहालयात तिची जागा रिकामी ठेवली आहे.

देवी तरी कुणाच्या बाजूची? ती बापाच्या डोक्यातून जन्मली, असं पुराण सांगतं. इ.स.पू. ४५८ च्या एका नाटकात, आईचा खून करणाऱ्या मुलाच्या खटल्यात ती मुलाच्या बाजूने मत देते. कारण काय, तर मला कुठल्या आईने जन्म दिलेला नाही! देवीच्या तोंडी शब्द कोण घालतं, तेही आपण पाहायला हवं.

पण इ.स.पू. ४११ मध्ये अॅरिस्टोफेनीसने ‘लायसिस्ट्राटा’ लिहिलं. त्यात युद्धाला कंटाळलेल्या बायका नवऱ्यांशी असहकार करतात आणि चक्क अॅक्रॉपॉलिसचा ताबा घेतात. ताबा तिथलाच का? तर युद्धाचा खजिना तिथे होता. लिहिणारा पुरुष, बायकांचं सोंग घेणारे नटही पुरुष, आणि हेतू हसवण्याचा. तरी नेमकं कुठे हात घातला की सत्ता हलते, हे त्या नाटकात अचूक आलं आहे. ३ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या विरोधात देशोदेशी या नाटकाची वाचनं झाली.

ग्रीक बायकांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला १९५२ साली. हुंड्याची पद्धत कायद्यातून गेली १९८३ साली. यातलं काहीही देवीच्या कृपेने मिळालं नाही. बायकांना त्यासाठी संघटित व्हावं लागलं.

आता आपलं पाहू. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तीही अट गेली. कागदावर हक्क आला. तरी माहेर तुटेल या भीतीने किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे. सही झाली की ओवाळणीला साडी मिळते आणि कौतुकही होतं.

म्हणून मला सुचलेलं उत्तर साधं आहे. कुणी ‘देवी मानतो’ म्हणालं तर भांडत बसू नका. ‘बरं, मग सातबारावर नाव कुणाचं?’ एवढंच विचारा. आणि पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या प्रत्येकीने आपापल्या घराचा आणि जमिनीचा उतारा घेऊन यावा. सुरुवात तिथून करू.