जन्माचा हक्क आणि वाँग किम आर्क

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले स्वयंपाकी वाँग किम आर्क 1895 मध्ये चीनमधल्या नातलगांना भेटून बोटीने परतले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना उतरूच दिलं नाही. आईवडील चिनी, म्हणून हेही परकेच, असं सरकारचं म्हणणं. तेव्हा चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा 1882 चा कायदा लागू होता. वाँग यांनी कित्येक महिने किनाऱ्यालगतच्या जहाजांवर अडकून काढले. पण ते कोर्टात गेले, आणि 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: जन्म इथला, म्हणजे नागरिक इथलेच. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. तरी छळ संपला नाहीच. 1901 मध्ये टेक्सासात त्यांना पुन्हा पकडण्यात आलं.

20 जानेवारी 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्माने नागरिकत्व मिळण्याच्या याच हक्काला कात्री लावणारा आदेश काढला. त्याच्या कक्षेत एच-वन-बी व्हिसावरची जोडपी, म्हणजे आपली अनेक मराठी कुटुंबंही येत होती. तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी त्याला तात्पुरती स्थगिती दिली. तुमची लेक-सून तिकडे बाळंत होणार असेल, तर ऐकीव माहितीवर विसंबू नका. जाणकार वकिलाला जरूर विचारा.